निदान कोणाचे आणि शब्द कोणाचे?

ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, निदानावर महाराष्ट्रात जी चर्चा होते, तिच्यात दोन आक्षेप हटकून असतात. पहिला असा की हल्ली ऊठसूट कोणत्याही मुलाला स्वमग्न ठरवले जाते. आणि दुसरा असा की ते खरे असले तरी इतक्या लहान वयात शिक्का कशाला मारायचा.

पहिला आक्षेप मी ब्रिटनमध्येही ऐकतो. निदाने वाढली आहेत यात शंका नाही. परंतु निकष रुंदावले, २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-निदानाच्या पुस्तिकेत अॅस्पर्गर या ऑटिझमच्या प्रकाराचे वेगळे नाव जाऊन सारे एका स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमी-अधिक छटांच्या एकाच निदानाखाली आले, आणि पूर्वी नजरेतून सुटणाऱ्या मुली व प्रौढ आता तपासणीपर्यंत पोहोचू लागले, हे लक्षात घेतले तर त्या वाढीतले बरेच काही उलगडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे शाळा प्रवेश नाकारेल, नातेवाईक कुजबुजतील ही खरी भीती असते. तरीही निदान लपवल्याने मूल शिक्क्यावाचून राहते, हे मला मान्य नाही. माझ्या नात्यातला एक मुलगा शाळेची घंटा झाली की दोन्ही कान दाबून धरतो आणि आयत्या वेळी तास बदलला की बाकाखाली जाऊन बसतो. शिक्षकांच्या लेखी तो हट्टी आहे, नातेवाइकांच्या लेखी लाडावलेला, आणि वर्गातली मुले त्याला सरळ वेडा म्हणतात. ऑटिझमचे निदान सांगणारा डॉक्टरांचा अहवाल मात्र कपाटात आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तो आला. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. पण त्यासाठी प्रमाणपत्र पुढे करावे लागते.

येथे ब्रिटनमध्ये माझा एक सहकारी सूर्यफुलांची हिरवी फीत गळ्यात घालतो. न दिसणारे अपंगत्व सूचित करणारी ही खूण २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झाली. पहिल्याच बैठकीत त्याने सांगितले, "मी ऑटिस्टिक आहे, कामाच्या सूचना लेखी द्या आणि बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवा." कोणी आवाज खाली आणला नाही आणि कौतुकही केले नाही, दुसऱ्या दिवसापासून सूचना लेखी येऊ लागल्या. अर्थात इंग्लंडमध्ये २००९ पासून ऑटिझमसाठी स्वतंत्र कायदा असूनही सरकारी आरोग्यसेवेतील तपासणीसाठी कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि ज्यांना परवडते ते खासगीत जातात. त्याबाबतीत हा देश आदर्श नाही.

भाषेचा वाद येथेही मिटलेला नाही. अनेक ऑटिस्टिक प्रौढांना 'ऑटिझम असलेली व्यक्ती' यापेक्षा 'ऑटिस्टिक' हाच शब्द आपला वाटतो, तर बऱ्याच व्यावसायिकांना पहिली शब्दयोजना अधिक सभ्य वाटते. ज्यांचे मूल बोलत नाही आणि ज्याला अहोरात्र सोबत लागते, अशा पालकांना ओळखीची आणि अभिमानाची भाषा ऐकून आपले कष्ट झाकले जातात असे वाटते. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. म्हणूनच सौम्य आणि तीव्र अशा ढोबळ विशेषणांपेक्षा, या मुलाला जेवताना, रस्ता ओलांडताना, वर्गात बसताना नेमकी कोणती मदत लागते, हे सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते. पण या वादात ऑटिस्टिक माणसे स्वतः बोलत असतात, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. आपल्याकडे डॉक्टर बोलतात, शिक्षक बोलतात, पालक बोलतात. ज्याचे निदान झाले त्याचे म्हणणे क्वचितच कानी येते, आणि पुष्कळदा त्याला निदान झाल्याचेच ठाऊक नसते.

कपाटातला तो अहवाल शाळेला कधी दाखवायचा, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली आहे. माझे मत असे की तो आधी त्या मुलाला, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावा: घंटेचा आवाज इतरांपेक्षा तुला जास्त का टोचतो, त्यात तुझा हट्ट नाही, आणि वर्गात कोणती सोय मागण्याचा तुला अधिकार आहे. शाळेला काय कळवायचे, हे मग त्यालाही विचारता येईल.