पितळी सापाचं काय?
मोबाइल, पैसा आणि प्रतिष्ठा या आजच्या मूर्ती आहेत आणि त्यांचा प्रतिकार करायला हवा, हे आजच्या मूर्तिपूजेवरच्या लेखातलं लेखकाचं म्हणणं पटलं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तर कलस्सै इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात (कलस्सैकरांस 3:5) लोभाला सरळ मूर्तिपूजाच म्हटलंय. पण मला जास्त भीती वाटते ती देवाने दिलेल्या चांगल्या गोष्टींची. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने रानात उभारलेला पितळी साप देवाच्याच आज्ञेने केलेला होता. त्याच्याकडे पाहून साप चावलेले लोक वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनी इस्राएल लोक त्याच्यापुढेच धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला (2 राजे 18:4).

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (एकेका चर्चच्या समुदायात) असे साप कमी नाहीत. आजोबांनी बांधलेलं चर्च, त्यातलं आमचं ठरलेलं बाक, चर्चच्या कमिटीची खुर्ची, आवडते पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू). (मुलांचे दहावीचे मार्कही घाला यादीत, परीक्षा जवळ आली की संडेस्कूल ओस पडतं.) ही गोष्ट हातातून गेली तर माझी प्रार्थना बंद पडेल का, एवढं ज्याने त्याने स्वतःला विचारावं. चर्चच्या जागेवरून विश्वासणारेच एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहतात, तेव्हा उत्तर मिळालेलंच असतं.

आणि उपवासकाळाचे चाळीस दिवस मोबाइल बाजूला ठेवून ईस्टरला पुन्हा उचलणं, याला प्रतिकार कसं म्हणायचं? हिज्कीयाने साप कपाटात ठेवला नव्हता. निदान कमिटीची खुर्ची दोन मुदतींनंतर सोडायची, हा नियम तरी आपल्या मंडळ्यांनी करावा.