एसीसी टुर्नामेंट ग्रीन्सबरोलाच व्हावी

एसीसीची, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या अमेरिकेतल्या कॉलेजांच्या गटाची, बास्केटबॉल टुर्नामेंट न्यूयॉर्कला नेऊ नये, वॉशिंग्टनलाही शक्यतो नको. ती नॉर्थ कॅरोलायनातच व्हावी, आणि जमेल तेव्हा ग्रीन्सबरोत. मी याच राज्यातल्या केरी गावात राहतो, ग्रीन्सबरो घरापासून सव्वा-दीड तासावर, तेव्हा "तुझ्या सोयीचं आहे म्हणून बोलतोस" हा आरोप आधीच मान्य. पण सोय हाच तर मुद्दा आहे!

भारतातल्या मित्रांसाठी थोडक्यात: इथे कॉलेजांच्या बास्केटबॉल टीम वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेल्या असतात. मार्चमध्ये प्रत्येक कॉन्फरन्स आपली टुर्नामेंट घेते आणि जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. ती कुठे घ्यायची यावर इथल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाच्या गावावर होते तशीच, किंबहुना जास्तच, खडाजंगी होते.

एसीसीचा जन्मच १९५३ मध्ये ग्रीन्सबरोत झाला. पहिली टुर्नामेंट १९५४ ला रॉलीच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, म्हणजे एनसी स्टेट या तिथल्याच युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या कोर्टवर. पहिली तिन्ही वर्षं स्टेटच जिंकलं. आता यजमानच पाहुण्यांना हरवत सुटला तर कुरबुर होणारच. १९६७ मध्ये ती पहिल्यांदा ग्रीन्सबरोला आली, आणि तिथल्याच कोलिझियममध्ये १९७४ ची फायनल झाली. एनसी स्टेट १०३, मेरीलँड १००, ओव्हरटाइममध्ये. स्टेटच्या टॉम बर्लसनचे एकट्याचे ३८ पॉइंट. तेव्हा कॉन्फरन्समधून एकच टीम राष्ट्रीय स्पर्धेत जायची, त्यामुळे देशातल्या सर्वोत्तम टीमपैकी एक असलेली मेरीलँड घरी बसली. पुढच्याच वर्षी नियम बदलला. आज एकेका मोठ्या कॉन्फरन्समधून सात-आठ टीम जातात, त्यामागे ती एक रात्र आहे. माझ्या ऑफिसातले साठीतले लोक अजून त्या मॅचबद्दल आवाज चढवून बोलतात, तेही चहाच्या वेळी.

मग अडचण कुठे आली? कॉन्फरन्स उत्तरेकडे वाढली. २०१७ मध्ये टुर्नामेंट पहिल्यांदा न्यूयॉर्क शहरात, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरला गेली. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे कोच जिम बोहाइम पहिलीच मॅच हरले आणि म्हणाले की ग्रीन्सबरोत खेळण्यात काहीच फायदा नाही, टुर्नामेंट मीडियाच्या मोठ्या शहरांत व्हायला हवी. ग्रीन्सबरो शहरानेही ट्विटरवरून त्यांना त्यांच्या टीमचा एसीसी टुर्नामेंटमधला निकाल सुनावला. तसं पाहिलं तर सिरॅक्यूज ते ब्रुकलिन अडीचशे मैल आहे, म्हणजे न्यूयॉर्क त्यांचंही गाव नव्हेच.

बोहाइमसारख्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ग्रीन्सबरो तटस्थ नाही. ड्यूक, चॅपल हिल (म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), एनसी स्टेट, वेक फॉरेस्ट, या राज्यातल्या चारही युनिव्हर्सिटी दीड तासाच्या आत. पण निकाल बघा ना. २०१३, २०१४ आणि २०१५, सलग तीन वर्षं टुर्नामेंट ग्रीन्सबरोत होती, आणि तिन्ही वेळा बाहेरच्या राज्यातली टीम जिंकली. २०१३ ला मायामीने सेमीफायनलला एनसी स्टेटला आणि फायनलला चॅपल हिलला हरवलं. २०१४ ला व्हर्जिनियाने ड्यूकला. २०१५ ला नोत्र दामने लागोपाठ दोन दिवसांत आधी ड्यूक, मग चॅपल हिल. २०१६ ला ती वॉशिंग्टनला गेली, व्हर्जिनियाच्या दारात, आणि जिंकलं कोण तर चॅपल हिल! ब्रुकलिनला २०१७ मध्ये ड्यूक. आणि २०२४ ला पुन्हा वॉशिंग्टनला दहावं मानांकन असलेलं आमचं एनसी स्टेट पाच दिवसांत पाच मॅच जिंकून विजेतं. घरच्या गर्दीचा फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही, पण तो कप हातात देण्याइतका नसतो एवढं या यादीवरून दिसतं.

दुसरा मुद्दा अरीनाच्या तारखांचा. पंधरा टीम म्हणजे पाच दिवसांत चौदा मॅच, म्हणजे आठवडाभर कोर्ट मोकळं हवं. बार्कलेजमध्ये नेट्स, नॉर्थ कॅरोलायनातल्याच शार्लटच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये हॉर्नेट्स, वॉशिंग्टनला विझर्ड्स, या सगळ्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या टीम, आणि वर हॉकीवाले कॅपिटल्स. ऐन मोसमात एनबीएच्या टीमला बाहेरगावी धाडून जागा करावी लागते. ग्रीन्सबरोत एनबीए नाही, त्यामुळे त्या आठवड्यात शहराचा मुख्य पाहुणा ही टुर्नामेंटच असते. पेट्रोल पंपावरच्या माणसालाही ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता, पाठ असतं. न्यूयॉर्कमध्ये त्याच आठवड्यात किती गोष्टी चालू असतात, आणि त्यातली एक म्हणजे मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली बिग ईस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सची टुर्नामेंट. १९८३ पासून ती तिथेच आहे.

बिग टेन या आणखी एका कॉन्फरन्सने तर २०१८ ला हट्टाने गार्डन घेतलं. पण नेहमीचा आठवडा बिग ईस्टचा, म्हणून यांना एक आठवडा आधी खेळावं लागलं. त्यासाठी सगळं वेळापत्रक दाबून बसवलं, आणि टुर्नामेंट संपल्यावर टीम आठवडाभर नुसत्या सराव करत बसल्या. एका शहराचं नाव पोस्टरवर यावं म्हणून एवढी उठाठेव.

आणि पैशाचं म्हणाल तर एसीसीचं मुख्यालय राज्यात राहावं, काही स्पर्धा राज्यात व्हाव्यात अशा अटींवर नॉर्थ कॅरोलायनाने दीड कोटी डॉलर देऊ केले होते. मुख्यालय राज्यातच राहिलं, पण २०२३ मध्ये ग्रीन्सबरो सोडून शार्लटला गेलं. आमच्या टॅक्समधले पैसे, तेव्हा मत मांडायचा हक्क थोडासा आहेच.

शार्लटला माझा विरोध नाही. मोठा विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, आणि २०२४ पासून पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) युनिव्हर्सिटीही एसीसीत आल्यामुळे विमानाचा विचार करणं भाग आहे. माझं मागणं एवढंच की दर तीन वर्षांत एकदा ग्रीन्सबरो, बाकी शार्लट, आणि वॉशिंग्टन कधीतरी चवीपुरतं. ज्यांना मार्चमध्ये न्यूयॉर्कलाच बास्केटबॉल बघायचं आहे त्यांनी खुशाल गार्डनचं तिकीट काढावं. बिग ईस्टवाले कुठे जात नाहीत.