ब्रेक घेतला म्हणजे संपला असं नसतं हो

ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू अ‍ॅश बार्टी, तिचं करिअर मला राहून राहून आठवतं. २०११ ला १५ व्या वर्षी विम्बल्डनची ज्युनिअर चॅम्पियन, २०१३ मध्ये एकाच वर्षात डबल्सच्या तीन ग्रँडस्लॅम फायनल, आणि २०१४ ला पोरीने टेनिस चक्क सोडलं. सततचा प्रवास, घरापासून लांब, लहान वयातलं ते प्रेशर, दमली होती ती. मग काय केलं तर क्रिकेट! ब्रिस्बेन हीट या टीमकडून बिग बॅश ही तिथली क्रिकेट लीग खेळली. टेनिसमध्ये हरलं की एकटीने हरायचं, इथे हरलं तरी बाजूला दहा जणी असतात, हा फरक केवढा मोठाय! २०१६ ला परत आली, २०१९ ला फ्रेंच ओपन, २०२१ ला विम्बल्डन, २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन, आणि मग दोनच महिन्यांत, २५ व्या वर्षी, नंबर वन असताना स्वतःहून थांबली.

मला वाटतं ती परत येऊन जिंकली ते त्या ब्रेकमुळेच. पण आपल्याकडे मुलाने जरा दुसरीकडे बघितलं की कोच म्हणणार फोकस गेला, आईबाप घाबरणार. अरे पण फेडरर लहानपणी फुटबॉल, बॅडमिंटन सगळंच खेळायचा. वाढत्या वयात वर्षभर एकच खेळ, तेच स्नायू तेच सांधे, मग दुखापती होणारच ना.

आणि मनाचं काय? अमेरिकेचा स्विमर मायकल फेल्प्स, त्याची २८ ऑलिंपिक मेडल्स, त्यातली २३ गोल्ड, तरी प्रत्येक ऑलिंपिकनंतर डिप्रेशन यायचं आणि एका टप्प्यावर जगायचीच इच्छा नव्हती असं त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. मी पोहणारा, एवढीच ओळख उरली की पाण्याबाहेर आल्यावर मी कोण हा प्रश्न पडतोच. शाळा सोडवून, मित्र तोडून आपणच मुलांना त्या जागी नेऊन ठेवतो आणि वर त्याला त्याग म्हणतो, याचा मला खरंच त्रास होतो.

एरिक हायडन बघा. १९८० च्या विंटर ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाचच्या पाच गोल्ड, ५०० मीटरपासून १०,००० पर्यंत सगळी याचीच! वय २१. नंतर सायकलिंग, १९८६ ला टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीतही उतरला, मग मेडिकल करून हाडांचा सर्जन. पुढे अमेरिकेच्या स्पीड स्केटिंग टीमचा डॉक्टर म्हणून त्याच बर्फाशेजारी उभा राहिला, पोरांचे गुडघे तपासत.