बॅटरी शून्यावर नेल्याने डिझेल वाचत नाही

"डिझेल नव्वदीला टेकलंय. बॅटरी पार उतरेपर्यंत जनरेटर लावू नका, पूर्ण उतरवली तरच तिचं आयुष्य वाढतं." हा मेसेज ठाण्यातल्या ग्रुपांवर फिरत फिरत आमच्या मामांपर्यंत पोचला. मुरबाडकडच्या त्यांच्या शेतघराला महावितरणची लाइन नाही. सोलर, चार ट्युब्युलर (म्हणजे शिशाच्याच) बॅटऱ्या आणि छोटा डिझेल जनरेटर, एवढ्यावर सगळं चालतं. मेसेज वाचून त्यांनी इन्व्हर्टरचा कट-ऑफ, म्हणजे तो बॅटरी वापरणं जिथे थांबवतो तो आकडा, बॅटरीमागे साडेदहा व्होल्टवर, म्हणजे पार रिकामी होईपर्यंत, आणला, तोही ऐन आषाढात!

पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलसाठी होता. शिशाच्या बॅटरीचं नेमकं उलटं आहे. ती उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही म्हणून तशीच पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरचा तक्ता बघा: डीप सायकल (खोलवर वापरायला बनवलेली शिशाची) बॅटरी दरवेळी पूर्ण उतरवली तर चार्ज-डिस्चार्जच्या १५० ते २०० फेऱ्या, निम्मी उतरवली तर ४०० ते ५००, तीस टक्केच वापरली तर १००० च्या वर. चांगल्या ट्युब्युलरला फेऱ्या जास्त मिळतात, पण जास्त उतरवली की त्या तशाच घटतात.

आता गुणाकार करा. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीत साधारण १.८ युनिट मावतात. दरवेळी शून्यावर नेली तर ती जन्मभरात २७० ते ३६० युनिट देते, निम्म्यावर थांबलात तर ३६० ते ४५०. बॅटरी पंधरा हजारांची धरली तर पहिल्या पद्धतीत नुसती झीजच युनिटमागे ४२ ते ५६ रुपये! आणि डिझेल तरी कुठे वाचलं? काढलेली वीज परत भरावीच लागते. ऊन नसेल तर डिझेलनेच. मग जनरेटर कधी लावायचा? लोड काढा, तासभर थांबा, बॅटरीला मीटर लावा. १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी उरली; तिथे जनरेटर लावायचा.

"जनरेटरने शंभर टक्के भरत बसू नका" हे मेसेजमधलं पुढचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. शेवटचे वीसेक टक्के भरताना बॅटरी करंट कमी कमी घेत जाते आणि जनरेटर हलक्या लोडवर तासन् तास डिझेल खातो. म्हणून तो सकाळी लावा, पंप आणि वॉशिंग मशीन त्याच वेळात उरका, वरचे वीसेक टक्के सोलरवर सोडा. पण दोनेक आठवड्यांतून एकदा बॅटरी पूर्ण भरलीच पाहिजे, हे मेसेजवाल्याने गाळलं. पावसाळ्यात त्यासाठी डिझेल जाळावं लागलं तरी जाळा.

"पाणी कमी झालं की ॲसिड टाका" हे मेसेजमधलं शेवटचं तर अजिबात करू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारा दांडा) लाल खुणेवर आला की फक्त डिस्टिल्ड वॉटर.