रेचल लेव्हिन यांच्यावरची ती पोस्ट पुढे पाठवण्याआधी

अमेरिकेच्या माजी सहायक आरोग्य सचिव रेचल लेव्हिन यांच्यावरची ती पोस्ट परत फिरायला लागलीये, आता तर कुणीतरी मराठी करून नातेवाइकांच्या ग्रुपवर पण टाकलीये. थोडक्यात त्यात असं आहे की बायडेननी केवळ ट्रान्सजेंडर म्हणून एका व्यक्तीला अख्खं आरोग्य खातं देऊन टाकलं, नौदलात एक दिवस काम न करता ॲडमिरल केलं, कोविडमध्ये या बाईंनी स्वतःच्या आईला हलवलं आणि बाकीच्या म्हाताऱ्यांना मरायला सोडलं, लहान मुलांना लिंग बदलायला लावलं, आणि मुळात जिचं डोकंच ठिकाणावर नाही तिच्याकडे आरोग्य द्यायचंच कशाला. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

अख्खं खातं त्यांच्याकडे कधीच नव्हतं. खात्याचे सचिव होते झेवियर बेसेरा, लेव्हिनबाई त्यांच्या हाताखाली. आणि त्या काही रस्त्यावरून उचलून आणलेल्या नव्हत्या, हार्वर्ड, मग टुलेनमधून डॉक्टरकी, न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये बालरोगाचं ट्रेनिंग, नंतर पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी मेडिकल सेंटरमध्ये वर्षानुवर्षं वयात येणाऱ्या मुलामुलींवर उपचार, जेवण सोडून स्वतःची हाडं करून घेणाऱ्या मुलींसाठी तिथे त्यांनी क्लिनिक उभं केलं. २०१५ मध्ये त्या राज्याच्या फिजिशियन जनरल, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य डॉक्टर, झाल्या आणि २०१८ मध्ये राज्याच्या आरोग्य सचिव. दोन्ही वेळा राज्याच्या सिनेटची मंजुरी लागली, सिनेट रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होतं, आणि दोन्ही वेळा ती मोठ्या बहुमताने मिळाली. त्या ट्रान्स आहेत हे त्या सगळ्या आमदारांना माहीत होतं हो, लपवलेलं काहीच नव्हतं. त्यांना काम दिसलं. हेरॉईन आणि वेदनाशामक गोळ्यांच्या ओव्हरडोसने तेव्हा तिथे माणसं पटापट जात होती, आणि २०१५ मध्येच बाईंनी सरसकट आदेश काढला की नॅलॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोसमध्ये बंद पडत चाललेला श्वास परत आणणारं औषध, कुणालाही स्वतःच्या नावाची चिठ्ठी नसताना मेडिकलमध्ये मिळेल. आईबापांना घरात ठेवता यायला लागलं, पोलिसांना गाडीत. पोस्ट लिहिणाऱ्याला यातलं एक अक्षर लिहावंसं वाटलं नाही याचा मला खरंच राग येतो. मग २०२१ मध्ये सहायक सचिवपदाच्या मंजुरीसाठी वॉशिंग्टनला देशाच्या सिनेटपुढे तीच बाई, तोच अनुभव, आणि मतं ५२ विरुद्ध ४८, रिपब्लिकनांपैकी फक्त सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की बाजूने. मधल्या तीन वर्षांत बाईंचं शिक्षण कमी झालं नव्हतं, राजकारण बदललं होतं.

ॲडमिरलचं तर दोन मिनिटांत संपतं. तो हुद्दा नौदलाचा नाहीये, तो पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या कमिशन्ड कोअरचा आहे, डॉक्टर नर्स फार्मासिस्ट अशा गणवेशातल्या लोकांचं दल, साथ आली वादळ आलं की यांना पाठवतात. त्याची सुरुवात १७९८ च्या खलाशांच्या दवाखान्यांपासून झाली आणि हुद्दे नौदलासारखे आहेत. लेव्हिन यांच्या आधी त्याच खुर्चीत ट्रम्प यांनी नेमलेले ब्रेट जिरॉयर होते, ते पण मुलांचे डॉक्टर, ते पण चार स्टारवाले ॲडमिरल, तोच गणवेश, नौदलाशी त्यांचाही संबंध नाही. त्यांच्या नावाने अशी पोस्ट कुणी पाहिलीये का?

आता आईचा मुद्दा, हा सगळ्यात जास्त चालतो आणि यात अर्धं खरं आहे म्हणून नीट बघायला हवं. आईंचं वय ९५, त्या पर्सनल केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेत होत्या, त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून त्यांना हॉटेलात हलवलं, हे लेव्हिन यांनी मे २०२० मध्ये स्वतः सांगितलं. लोकांना चीड येणं मी समजू शकते, ज्यांचे आईवडील आत अडकले होते आणि भेटताही येत नव्हतं त्यांना ते किती लागलं असेल. आणि १८ मार्च २०२० ला त्यांच्या खात्याने नर्सिंग होम्सना सांगितलं होतं की हॉस्पिटलमधून सुटलेले स्थिर पेशंट, कोविड झालेले धरून, घेत राहा. त्या पहिल्या काही महिन्यांत राज्यातले निम्म्याहून जास्त कोविड मृत्यू अशाच संस्थांमधले होते. त्या सूचनेने किती नुकसान झालं, पर्याय काय होता, हॉस्पिटलच्या खाटा कशा मोकळ्या करायच्या होत्या, हे प्रश्न बरोबरच आहेत, विचारा. पण न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू कुओमोंच्या सरकारने आठवड्याभरात तसाच आदेश काढला होता, त्यांच्यावरही सडकून टीका झाली, आणि तेव्हा कुणी म्हणालं नाही की पुरुषांना गव्हर्नर करू नका. तिथे चूक आदेशाची, इथे चूक शरीराची, हे कुठलं माप?

डोकं ठिकाणावर नाही म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू आहे ती, ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलंय. आणि आपल्याकडचंच बघायचं तर मुंबईच्या केईएममध्ये शिकलेल्या डॉ. अक्सा शेख, ट्रान्स बाई, त्यांनी २०२१ मध्ये दिल्लीत कोविड लसीकरण केंद्र सांभाळलं.

राहिला मुलांचा मुद्दा. सहायक सचिवाला कुठल्याही मुलावर कुठलाही उपचार करा असा हुकूम काढता येत नाही, तो अधिकारच नाही. उपचार ठरतो डॉक्टर, आईवडील आणि त्या त्या राज्याच्या कायद्याने, आणि लेव्हिनबाई पदावर असतानाच वीसहून जास्त राज्यांनी अल्पवयीनांसाठी लिंगबदलाचे उपचार बंद केले, त्या काही थांबवू शकल्या नाहीत. म्हणजे "लावलं" हे साफ खोटं आहे. पण खरी टीका करायची तर जागा आहे. २०२१ मध्ये नेमणुकीच्या सुनावणीत रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांनी लहान मुलांबद्दल खोदून विचारलं, विचारायची पद्धत वाईटच होती, पण बाईंनी विषय गुंतागुंतीचा आहे एवढंच परत सांगितलं, सरळ उत्तर दिलं नाही. आणि २०२४ मध्ये कोर्टात आलेल्या कागदांतून दिसलं की त्यांच्या ऑफिसमधून डब्ल्यूपॅथ या, ट्रान्स लोकांच्या उपचारांची गाईडलाइन काढणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला सांगितलं जात होतं की गाईडलाइनमधली किमान वयाची अट काढा, नाहीतर विरोधक त्याचा वापर करतील. हे मला पटत नाही. कुठल्या वयात काय उपचार सुरक्षित हे पुराव्यावर ठरायला हवं, विरोधक काय म्हणतील यावर नाही, आणि याचा जाब त्यांना विचारायलाच हवा, ट्रान्स मुलांच्या आईवडिलांनी तर सगळ्यात आधी, कारण डॉक्टरसमोर त्या गाईडलाइनच्या भरवशावर तेच बसलेले असतात.