बसल्या जागी अभयारण्य

निसर्गासाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण खुर्चीतून उठवत नाही? मग ही पद्धत खास तुमच्यासाठी. एक पोहण्याचा तलाव हवा आणि त्याची देखभाल करण्याचा मनापासून कंटाळा हवा. दुसरी गोष्ट बहुधा घरात असतेच.

पंप बिघडला की दुरुस्तीवाल्याला “उद्या फोन करतो” म्हणा आणि तो उद्या कधी उगवू देऊ नका. क्लोरीन आपल्या पायांनी जातं. त्याला धरून ठेवणारं रसायन पाण्यात नसेल, तर कडक ऊन काही तासांत त्याचा निकाल लावतं. मग पाणी हिरवं होतं. पाहुण्यांनी नाक मुरडलं, तर “शेवाळ ही अन्नसाखळीची पहिली कडी” असं गंभीर चेहऱ्याने सांगा. वाक्य खरं असल्यामुळे ते खोडताही येत नाही.

कुणी शहाणा म्हणेल, निदान पाणी तरी उपसा. त्याला जमिनीकडे बोट दाखवा. भूजल वर असेल, तर रिकामा तलाव खालच्या दाबाने होडीसारखा उचलला जाऊ शकतो. आळसाच्या बाजूने भौतिकशास्त्र इतकं ठाम क्वचितच उभं राहतं.

आता पाहुणे. सर्वांत आधी डास. क्युलेक्सची मादी शे-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून त्यांचा तराफाच पाण्यावर सोडते, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. पाठोपाठ पाणकिडे येतात, तेही उडत. पाण्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश त्यांना वरून दिसतो. तलाव तुमचा आहे की सरकारी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तळाच्या गाळात लालभडक अळ्या दिसतील. तो रंग हिमोग्लोबिनचा, प्राणवायू कमी असलेल्या चिखलात तग धरण्यासाठी. एक किडा तर चक्क पाठीवर पोहतो. चला, एवढा खर्च करून बांधलेल्या तलावात अखेर कुणीतरी पोहलं!

डासांवरून शेजारी भांडायला आले, तर चतुर दाखवा. चतुराची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या फस्त करतात, संतुलन आपोआप येतं, असं सांगा. डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतो आणि चतुराला कित्येक आठवडे, काही जातींत वर्षंही लागतात, एवढं मात्र बोलू नका. मधल्या काळात संतुलन शेजारीच राखतात, स्वतःचं रक्त देऊन.

थोर परंपराही आहे. कॅलिफोर्नियातल्या केर्न काउंटीत २००७ साली गृहकर्जं थकली, घरं ओस पडली आणि तलाव हिरवे झाले. त्या उन्हाळ्यात तिथे डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले, आणि संशोधकांनी त्याचा संबंध या तलावांशी जोडला. (विषाणू हाही निसर्गच. तुम्ही भेदभाव करणारे नाही.) २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये बेवारस तलावांत डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुशिया मासे सोडावे लागले. तुम्हीही सोडा, आणि पुढे कंटाळा आला की जवळच्या ओढ्यात ओता. जिथे ते मूळचे नाहीत, तिथे ते स्थानिक मासे आणि बेडकांची पिल्लं संपवतात. म्हणजे तुमचं कार्य कुंपणाबाहेरही पोचेल.

एक किरकोळ अडचण राहते. तलावाच्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत. पाणी प्यायला आलेला उंदीर, सरडा किंवा एखादं लहान जनावर आत सहज पडतं. वर यायला त्याला पाय रोवता येत नाहीत. काठावरून पाण्यात एक खरबरीत फळी तिरकी टेकवून ठेवली, तर त्यातले बरेच जीव चढून बाहेर येतात. पण फळी आणायला उठावं लागतं, म्हणून ती आमच्या पद्धतीत बसत नाही.

तेव्हा रात्री तलावातून ‘डुबुक्’ असा आवाज आला आणि बराच वेळ पाणी खळबळत राहिलं, तर कूस बदला. सकाळी निरीक्षणवहीत लिहा : सस्तन प्राणी, एक.