‘भारत ९९ वर्षांच्या लीजवर आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऑगस्ट आला की हा मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो मामांनी पाठवला. ‘स्वातंत्र्य मिळालेलंच नाही. इंग्रजांनी देश ९९ वर्षांच्या लीजवर दिलाय, २०४६ साली परत घेणार. म्हणूनच राणीला व्हिसा लागत नव्हता, म्हणूनच आपण कॉमनवेल्थमध्ये आहोत. घटनेतसुद्धा इंग्रजांचा कायदा आहे.’

मामा, एमआयडीसीतल्या शेडचा भाडेपट्टा तुम्ही स्वतः केलात. देणारा कोण, घेणारा कोण, भाडं किती, मुदत संपल्यावर काय, हे त्यात लिहिलेलं होतं. मग या लीजचं भाडं कोणी, कुठे भरलं? उलट १९४७ साली महायुद्धातल्या खर्चापोटी ब्रिटनच भारताला १०० कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होता.

कागद आहे तो १८ जुलै १९४७ रोजी मंजूर झालेला भारतीय स्वातंत्र्य कायदा. त्यात मुदत नाही, परतीचं कलम नाही. कलम ७ म्हणतं, १५ ऑगस्टपासून इथल्या कारभाराची कुठलीही जबाबदारी ब्रिटिश सरकारवर नाही. कलम ६ तर ब्रिटिश संसदेचे कायदे, खुद्द हा कायदासुद्धा, रद्द करण्याचा अधिकार आपल्या विधिमंडळाला देतं. आणि आपण तो रद्द केलाही: घटनेचा अनुच्छेद ३९५ वाचा, एका वाक्याचं काम आहे. अनुच्छेद १४७ मध्ये या कायद्याचं नाव येतं, ते खरं. पण तिथे मुद्दा एवढाच की जुन्या कायद्यांच्या अर्थावरून वाद निघाला तर तो कोर्टात चालवता यावा. जुन्या खटल्यांना त्याची गरज होती.

राणीला पासपोर्टच नव्हता, कारण ब्रिटिश पासपोर्ट तिच्याच नावाने निघत. ती कुठल्याही देशात तशीच जायची.

कॉमनवेल्थमध्ये मोझांबिक आणि रवांडाही आहेत, आणि ते कधीच ब्रिटिश वसाहती नव्हते. आयर्लंड १९४९ साली बाहेर पडला, कोणी अडवलं नाही. ९९चा आकडा बहुधा हाँगकाँगवरून आला असावा. तिथला न्यू टेरिटरीज हा भाग ब्रिटनने १८९८ साली चीनकडून खरोखरच ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला होता आणि १९९७ साली परत केला.

‘फॉरवर्डच तर आहे’ असं तुम्ही म्हणालात. मला मात्र मथुरेचा जवाहरबाग आठवतो. हे सरकार, ही निवडणूक, हा रुपया खरा नाही, असं मानणारे हजारो लोक २०१४ साली दोन दिवसांच्या परवानगीवर तिथे आले आणि दोन वर्षं हलले नाहीत. राष्ट्रपती-पंतप्रधानांची निवडणूक बंद करा, एका रुपयात ६० लिटर डिझेल द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. हायकोर्टाने जागा खाली करा म्हटलं, तेही त्यांनी मानलं नाही. २ जून २०१६ला पोलीस आत गेले, तेव्हा दोन पोलीस अधिकाऱ्यांसह वीसहून जास्त माणसांचा जीव गेला. त्या बागेत बायका होत्या, लहान पोरं होती.

मामा, ग्रुपवर तो मेसेज अजून तसाच आहे. आज रात्री काढून टाका.